विश्लेषण : स्वत:च्याच धंद्यात मन का रमेनासे होते? गेलेली उमेद परत येते कशी?

धंदा बुडालेला नाही, ऑर्डरीही आहेत, तरी सकाळी शटर उघडायला हात जड होतो. फोन वाजला की आधी छातीत धस्स होते. ‘सगळे विकून मोकळे व्हावे’ हा विचार आठवड्यातून चारदा येतो. लहान व्यावसायिकांमध्ये ही अवस्था नवीन नाही, पण तिच्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. तिच्यामागची कारणे काय आणि त्यातून बाहेर येण्याविषयी अभ्यास काय सांगतो, याविषयी…

भोसरी एमआयडीसीतली एक छोटी शेड डोळ्यांसमोर आणा. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, आठ कामगार. मालक मेकॅनिकल डिप्लोमावाला. काही वर्षे दुसऱ्याच्या मशीनवर काम केले, मग कर्ज काढून स्वत:चे मशीन घेतले. सुरुवातीच्या काळात रात्री दोन वाजता स्पिंडलजवळ उभे राहून पहिला पीस मायक्रोमीटरने मोजताना त्याला झोप आठवत नव्हती. आज चौदा वर्षांनी तो मशीनजवळ फिरकतही नाही. काचेच्या केबिनमध्ये बसून तो पेमेंटचे फोन करतो, रिजेक्ट झालेल्या लॉटची भांडणे मिटवतो आणि संध्याकाळी कुणाशी न बोलता घरी जातो. शेडला महिन्याला किती भाडे येईल, हे एक एजंट सांगून गेला आहे. आकडा वाईट नाही.

हे चित्र कुणा एका व्यक्तीचे नाही. पिंपरी-चिंचवड, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत आढळणाऱ्या दिनक्रमांतून जुळवलेले ते प्रातिनिधिक उदाहरण आहे. मशीनच्या जागी फरसाणाची भट्टी, छापखाना किंवा शिवणकामाचे युनिट ठेवले तरी ते फारसे बदलत नाही. मात्र शेड भाड्याने गेली की मालकाला भाडे सुरू होईल, आठ कामगारांचा पगार बंद होईल. म्हणून हा प्रश्न केवळ मालकाच्या मूडचा राहत नाही.

हा नुसता कंटाळा आहे की आजार?

दोन्हींच्या मधली एक जागा आहे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये एका मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांविषयी लिहिताना ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. झपाटून काम करणारी माणसेच आतून विझत जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हा थकवा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद घेतली. पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, की तीन गोष्टी दिसतात, असे ही व्याख्या सांगते. शक्ती संपल्यासारखी वाटते, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना बळावते.

भोसरीच्या मालकाला तिन्ही लागू पडतात. दुसरी गोष्ट सहसा सर्वांत आधी घरच्यांच्या लक्षात येते. पूर्वी जेवताना ग्राहकाचे किस्से सांगणारा माणूस आता ‘सगळे चोर आहेत’ एवढेच बोलतो.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. थकवा कामापुरता असेल, म्हणजे लेकीच्या गॅदरिंगला, गावच्या जत्रेत किंवा मित्रांमध्ये माणूस पूर्वीसारखा हसत असेल, तर दुखणे बहुधा धंद्याच्या रचनेत आहे. कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगण्याचा वीट आला असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यावर धंद्यातले उपाय चालत नाहीत, डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

नोकरदाराचा थकवा आणि मालकाचा थकवा वेगळा कसा?

नोकरदार राजीनामा देऊ शकतो. मालकाने राजीनामा द्यायचा कुणाकडे? घर गहाण आहे, सीसी लिमिटवर सही आहे, दुकानाच्या पाटीवर आडनाव आहे.

कायद्यातही मालक कुठे दिसत नाही. मुंबई दुकाने व आस्थापना कायदा, १९४८ नुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक होते. कुठल्या बाजाराची सुट्टी सोमवारी आणि कुठली गुरुवारी, हे गिऱ्हाइकांना पाठ असे. महाराष्ट्राचा २०१७ चा नवा कायदा त्या वर्षी १९ डिसेंबरपासून लागू झाला आणि दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. कामगाराला साप्ताहिक सुट्टीचा हक्क त्यात कायम राहिला. मात्र ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनांना त्यातील बहुतेक तरतुदी लागू नाहीत. त्यांनी केवळ व्यवसायाची माहिती कळवायची असते. जुना कायदा कितीही जाचक वाटला, तरी तो मालकालाही आठवड्यातून एकदा घरी पाठवत होता. आता शेजारचे दुकान उघडे असते, म्हणून आपलेही उघडे ठेवावे लागते. मध्यंतरी ऑनलाइन विक्री आली, व्हॉट्सॲपवर रात्री अकरालाही ऑर्डर येऊ लागली आणि ‘उद्या सांगतो’ म्हणण्याची सोय संपली.

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकल लिटर यांनी बर्नआउटची सहा कारणक्षेत्रे मांडली आहेत : कामाचा बोजा, कामावरचे नियंत्रण, मोबदला, माणसांची सोबत, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. मालक म्हटला की नियंत्रण त्याच्याच हाती, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एकाच मोठ्या कंपनीचे काम करणाऱ्या जॉबवर्कवाल्याकडे दर, तारीख आणि पेमेंट यांपैकी काहीच नसते. तो नावाला मालक असतो, पण साहेब बाहेर बसलेला असतो. सोबतीचेही तसेच. आठ माणसांत बसूनही ‘या महिन्यात पगाराला पैसे कमी पडताहेत’ हे कुणाशी बोलायचे, हा प्रश्न उरतोच.

काम आवडते, पण धंदा नको वाटतो. असे का?

अमेरिकी सल्लागार मायकल गर्बर यांनी १९८६ मध्ये ‘द ई-मिथ’ या पुस्तकात याचे साधे उत्तर दिले. त्यांच्या मते बहुतेक लहान व्यवसाय उद्योजक नव्हे, तर कारागीर सुरू करतात. उत्तम केक करणारी बाई बेकरी काढते, उत्तम टर्नर वर्कशॉप काढतो. केक करता येणे आणि केकचा धंदा चालवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नंतर कळते. मग आवडीचे काम नोकरांकडे जाते आणि नावडीचे मालकाकडे उरते.

गर्बर यांचा उपाय असा की, मालकाने कारागिरी सोडून व्यवस्था उभारावी. येथे थोडे थांबून विचार करायला हवा. हा सल्ला साखळी दुकानांसाठी ठीक आहे, पण आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालकाला मशीनपासून कायमचे दूर नेणे म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याने धंदा काढला तीच काढून घेणे. उलट दिशेनेही जाता येते. आवडीचे काम आठवड्यात ठरावीक वेळ परत स्वत:कडे घ्यायचे आणि नावडीचे थोडे पैसे मोजून दुसऱ्याकडे द्यायचे.

त्यासाठी आधी वेळ कुठे जातो हे दिसले पाहिजे. दोन आठवडे एका वहीत दर तासाला काय केले ते लिहावे आणि पुढे फक्त एक खूण करावी : या कामाने अंगात बळ आले की गेले. इंजिनीअरिंगमध्ये बेअरिंग तापते तेव्हा आधी ते कुठल्या बाजूने तापते हे पाहतात, सरसकट मशीन बदलत नाहीत. इथेही तेच आहे. वहीत बहुधा अनपेक्षित गोष्टी निघतात. माणसाला वाटत असते कामगारांनी डोके खाल्ले, पण वही सांगते की बुधवारचे तीन तास एकाच ग्राहकाच्या फोनवर गेले आणि तो ग्राहक एकूण बिलिंगच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. असा ग्राहक सोडून देणे हा उमेद परत मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असू शकतो.

कागदपत्रांचेही पाहता येते. पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना जानेवारी २०२१ पासून जीएसटीचे विवरणपत्र दर महिन्याऐवजी तिमाहीने भरण्याचा पर्याय आहे. कर तेवढा महिन्याला भरावा लागतो. ही सोय घेण्यासारखी आहे का, हे सीएला एकदा विचारायला हरकत नाही. ग्राहकाला दर महिन्याला इनपुट क्रेडिट दिसणे गरजेचे असेल तर बिलांची माहिती मात्र मधल्या महिन्यांतही भरावी लागते.

पैसे अडकण्याचा मनाशी काय संबंध?

मन लागत नाही असे म्हणणाऱ्या पुष्कळ व्यावसायिकांचे खरे दुखणे उधारीत असते. साधा हिशेब मांडून पाहू. महिन्याला सहा लाखांचे बिलिंग असलेल्या युनिटला ४५ दिवसांऐवजी ९० दिवसांनी पैसे मिळाले, तर दीड महिन्याचे बिलिंग, म्हणजे नऊ लाख रुपये, कायम दुसऱ्याच्या खिशात राहतात. तेवढी रक्कम १२ टक्क्यांनी बँकेकडून उचलली तर वर्षाला एक लाख आठ हजार रुपये व्याज, म्हणजे महिन्याला नऊ हजार. ही रक्कम दर महिन्याला जाते आणि तिची पावतीही मिळत नाही. वर पेमेंटसाठी फोन करताना आपलेच पैसे मागताना लाचार व्हावे लागते, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

कायदा या बाबतीत लहान उद्योगाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. थकबाकीची तक्रार ऑनलाइन करता यावी म्हणून २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाले.

पण रोजच्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करणार कोण? तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. म्हणूनच प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३ बी (एच) महत्त्वाचे ठरले. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. म्हणजे पुरवठादाराने भांडायची गरज नाही, खरेदीदाराचा सीएच त्याला आठवण करून देतो. याचा फायदा घ्यायचा तर उद्यम नोंदणी हवी आणि बिलावर तो क्रमांक ठळक छापलेला हवा. मध्यम उद्योगांना ही तरतूद लागू नाही. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली असली, तरी ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे; या संरक्षणात ते येत नाहीत. या तरतुदीमुळे काही खरेदीदारांनी नोंदणी असलेल्या पुरवठादारांनाच टाळायला सुरुवात केल्याच्या तक्रारीही झाल्या. म्हणजे रामबाण म्हणावा असा हा उपाय नाही. मात्र पगाराची तारीख जवळ आल्यावर लागणारी धाकधूक थोडी जरी कमी झाली, तरी माणसाला धंद्याकडे पुन्हा नीट पाहता येते.

आधी उमेद लागते की आधी काम?

‘आवड असेल तर कष्ट जाणवत नाहीत’ असे आपण ऐकत आलो आहोत. मायकल गिलनिक आणि सहकाऱ्यांचा २०१५ मध्ये ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या उलट बाजू दाखवतो. त्यांनी व्यवसाय उभारणाऱ्यांची आठ आठवडे दर आठवड्याला विचारपूस केली. एखाद्या आठवड्यात घेतलेल्या कष्टांवरून पुढच्या आठवड्यातील ओढ वाढलेली दिसली. त्याला जोडून केलेल्या प्रयोगात आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. कष्टांमुळे ओढ वाढते ती काम पुढे सरकल्याचे दिसले तर, आणि ते काम स्वत:हून निवडलेले असेल तर.

ही दुसरी बाब भोसरीच्या शेडला अगदी लागू पडते. तिथला मालक कष्ट कमी करत नाही, पण त्याचे कष्ट जागच्या जागी फिरतात. महिन्याचे पेमेंट वसूल झाले की पुढच्या महिन्याचे सुरू. पुढे सरकल्याचे दिसेल असे त्यात काहीच नाही. म्हणून ‘उमेद आली की काहीतरी नवे करू’ म्हणून वाट पाहण्यापेक्षा लहानसे, स्वत: निवडलेले, शेवट दिसेल असे काम हातात घेणे अधिक उपयोगी. एखाद्या पार्टचा सायकल टाइम चार मिनिटांवरून साडेतीनवर आणणे, एका ऑपरेटरला सेटर म्हणून तयार करणे किंवा दोन वर्षे कोपऱ्यात पडलेले फिक्स्चर दुरुस्त करणे. फरसाणवाल्यासाठी ते एखादा जुना, बंद केलेला पदार्थ पुन्हा भट्टीवर आणणे असेल.

ओढ म्हणजे झपाटलेपण नव्हे, हेही सांगायला हवे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ मध्ये ओढीचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस काम करतो आणि बाजूलाही ठेवू शकतो; दुसऱ्यात कामच माणसाला ओढत नेते आणि थांबले की अपराधी वाटते. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराचे कौतुक अधिक होते. ‘दहा वर्षांत एक सुट्टी घेतली नाही’ हे वाक्य सत्कार समारंभात टाळ्या घेते.

बाकावर बसून विचारलेला प्रश्न

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे पॉल सॅगिनॉ आणि ॲरी वाइन्झवाइग यांनी १९८२ मध्ये ‘झिंगरमन्स’ हे सँडविच व खाद्यपदार्थांचे दुकान सुरू केले. दहा-अकरा वर्षांत ते गाजले. १९९३ मध्ये एके दिवशी ऐन कामाच्या वेळी सॅगिनॉ यांनी भागीदाराला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवले आणि विचारले, आणखी दहा वर्षांनी आपण काय करत असू? वाइन्झवाइग यांना आत ढीगभर काम दिसत होते आणि हा प्रश्न वैतागवाणा वाटला. पण दोघांची चर्चा वर्षभर चालली. सोपा मार्ग होता शहरोशहरी शाखा काढण्याचा. तो त्यांनी नाकारला. एकच दुकान पुन:पुन्हा काढण्यात त्यांना रस नव्हता. १९९४ मध्ये त्यांनी २००९ सालचे चित्र लिहून काढले : ॲन आर्बर परिसरातच वेगवेगळे लहान व्यवसाय, प्रत्येकात तिथेच राबणारा भागीदार-मालक. बेकरी आधीच सुरू झाली होती. पुढे क्रीमरी, प्रशिक्षण केंद्र, कॉफी असे व्यवसाय उभे राहिले.

यातली शिकण्यासारखी गोष्ट विस्ताराची नाही. दोघांनी धंदा कसा वाढवायचा हे ठरवण्याआधी आपल्याला रोज कसले काम करायला आवडेल हे ठरवले, आणि ते कागदावर लिहिले. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा भागीदार बहुतेकांना नसतो. पत्नी, भाऊ किंवा जुना सेटर यांच्यापैकी कुणी तो विचारला, तर ‘आधी हे डिस्पॅच जाऊ दे’ असे उत्तर मिळते.

सुट्टीने खरेच फरक पडतो?

पडतो, पण दुकान बंद आणि फोन सुरू अशा सुट्टीने फारसा नाही. कामापासून मनानेही सुटणे हा विश्रांतीचा महत्त्वाचा भाग असल्याचे जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी मालक हिशेबासाठी शेडवर जातो आणि ‘आज शांतता असते’ असे सांगतो.

मराठी माणसाला याचे जुने उदाहरण ठाऊक आहे. वेळेच्या काटेकोरपणासाठी जगभर नावाजलेले मुंबईचे डबेवाले वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुमारास, गावच्या जत्रेसाठी काही दिवस सेवा पूर्ण बंद ठेवतात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडे सगळेच एकदम जातात, त्यामुळे मागे राहिलेल्याच्या फोनचा प्रश्नच येत नाही. ग्राहकांना आधी कळवलेले असते आणि ते तेवढे दिवस दुसरी सोय करतात. पुण्यातील दुकानांच्या दुपारी एक ते चारवर आयुष्यभर विनोद झाले. गिऱ्हाईक मात्र चार वाजता रांगेत उभे असायचेच.

आणि तरीही मन लागले नाही तर?

तर धंदा सोडणे हाही निर्णय असू शकतो, फक्त तो थकलेल्या अवस्थेत, एजंटच्या एका फोनवर घेऊ नये. वहीतल्या नोंदी, उधारीची व्यवस्था आणि एक लहान निवडलेले काम यांना तीन-चार महिने देऊन पाहता येतात. त्यानंतरही उत्तर तेच असेल, तर शेड भाड्याने देण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतील. एमआयडीसीचा भूखंड पोटभाड्याने द्यायचा तर महामंडळाची पूर्वपरवानगी आणि शुल्क लागते. जीएसटी नोंदणी रद्द केल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. कामगारांची देणी, भविष्य निर्वाह निधी आणि मशीनवरचे कर्ज यांचा हिशेब आधी करावा लागतो.

आणखी एक पर्याय क्वचितच कागदावर मांडला जातो. बारा वर्षे सोबत असलेल्या सेटरला मशीन चालवायला देऊन त्याला हिस्सेदार करता येते का, हा. भागीदारी करार करता येतो, एलएलपीची सोय २००८ च्या कायद्याने झाली आहे. एजंटच्या भाड्याच्या आकड्याशेजारी या पर्यायाचा आकडा लिहून पाहायला एक गुरुवार पुरेसा आहे.